बांधकामावर ईईजी: अडीच वर्षांचा हिशेब

2019 च्या पावसाळ्यात मी पिंपरी-चिंचवडमधील एका गृहसंकुलाच्या कामावर साइट इंजिनिअर होते. पाचव्या मजल्यावर प्लंबिंगच्या डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी मजल्यांमधून सोडलेल्या उभ्या पोकळीच्या, तोंडावर कुणीतरी प्लायवूडचा एक तुकडा नुसता टाकून ठेवला होता. ना खिळा, ना खूण. सकाळच्या फेरीत मी त्या प्लायच्या कडेने गेले, त्याच्याकडे पाहिले आणि पुढे निघाले. दुपारी चारच्या सुमारास एक बिगारी डोक्यावर घमेले घेऊन त्यावरून गेला आणि प्लायसकट खाली कोसळला. दोन मजले खाली आडव्या टाकलेल्या पाइपांवर अडकल्यामुळे त्याचा जीव वाचला, पण कमरेचे हाड मोडले आणि तो गावी गेला तो पुन्हा आला नाही. अहवालात ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असे लिहिले गेले. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट सोडत नाही: तो प्लाय मीही पाहिला होता, आणि तरीही तो मला धोका म्हणून दिसला नव्हता.

जानेवारी 2023 मध्ये पीएचडीसाठी नाव नोंदवले तेव्हा विषय हाच घेतला. बांधकामावरच्या एखाद्या जागेकडे पाहिल्यावर पहिल्या सेकंदाच्या आत मजुराच्या मेंदूत काय घडते, आणि तो तोंडाने जे सांगतो त्याच्याशी ते कितपत जुळते, हे मला मोजायचे होते. अमेरिका आणि चीनमध्ये अशा प्रकारचे संशोधन काही वर्षांपासून चालू आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2018 च्या सुमारास प्रत्यक्ष कामावरच्या मजुरांच्या डोक्याला बिनतारी ईईजी (मेंदूतील विद्युतलहरी नोंदवणारे यंत्र) लावून त्यांच्यावरील ताण ओळखण्याचे काम प्रसिद्ध केले होते, ते वाचूनच मला धीर आला. आमच्याकडे सिव्हिलच्या विद्यार्थ्याला असे काही करायचे झाले तर कुठून सुरुवात करावी हे सांगणारे जवळपास कुणी नव्हते, म्हणून हे सगळे तारीखवार लिहून ठेवत आहे.

पहिला प्रश्न होता साधनाचा. ईईजी म्हणजे कवटीच्या त्वचेवर इलेक्ट्रोड ठेवून मेंदूतील पेशींच्या एकत्रित विद्युत क्रियेतून निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युतदाब नोंदवणे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी 1924 मध्ये माणसावर तो प्रथम नोंदवला आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा पर्याय होता तो निकट-अवरक्त प्रकाश डोक्यात सोडून रक्तातील ऑक्सिजनचा बदल मोजण्याचा. या पद्धतीला हालचालीचा त्रास कमी होतो, पण रक्तप्रवाहातील बदल काही सेकंद उशिरा येतो आणि दाट काळ्या केसांतून प्रकाश नीट जात नाही. मला मिलिसेकंदांतले बदल हवे होते, म्हणून ईईजी ठरले. संशोधनाच्या दर्जाचे यंत्र काही लाखांच्या घरात जाते, ते घेणे शक्यच नव्हते. शेवटी दुसऱ्या एका संस्थेच्या मानसशास्त्र विभागाकडून 16 इलेक्ट्रोडचे बिनतारी यंत्र 20,000 रुपये अनामत ठेवून मिळाले. त्यासाठी आमच्या प्राचार्यांचे पत्र, मार्गदर्शकांचे हमीपत्र आणि यंत्र हरवल्यास भरपाई देण्याबाबतचा करार अशी कागदपत्रे लागली आणि सव्वादोन महिने गेले. यंत्र मिळाल्यावर लगेच मजुरांकडे न धावता मी पहिला महिना स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या डोक्यावरच सराव केला. हा महिना कुणीही वाचवू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण इलेक्ट्रोड लावलेली टोपी डोक्यावर बसवायला मला सुरुवातीला सव्वा तास लागत असे आणि सरावानंतर ते काम पंचवीस मिनिटांवर आले.

खरी कसोटी नैतिकता समितीची, म्हणजे माणसांवरचे संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीची होती. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अशी समिती नव्हती. आमचे सहमार्गदर्शक एका वैद्यकीय संस्थेत असल्यामुळे तिथल्या समितीकडे अर्ज करता आला. 11 जुलै 2023 रोजी मी प्रस्ताव, सहभागींसाठीचे माहितीपत्रक, संमतीपत्र, आम्हा तिघांची माहिती, खर्चाचा अंदाज आणि 5,000 रुपये शुल्क असे सगळे दाखल केले. ऑगस्टच्या बैठकीत वेळ संपल्यामुळे विषय पुढे गेला, सप्टेंबरमध्ये तो चर्चेला आला आणि चौदा शेऱ्यांसह फाइल परत आली. त्या संध्याकाळी मी फार खचले होते. पुढे एकेक शेरा सोडवत गेले तेव्हा लक्षात आले की त्यांतले बहुतेक मला आधीच सुचायला हवे होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की सहभागीला वाचता येत नसेल तर संमतीच्या वेळी निःपक्ष, साक्षर साक्षीदार हजर हवा आणि मग अंगठा घ्यावा. मी भोळेपणाने साक्षीदार म्हणून ठेकेदाराच्या मुनशीचे नाव दिले होते. ज्याच्या हाती हजेरीवही आहे त्याच्यासमोर मजूर ‘नाही’ कसे म्हणेल, असा समितीने प्रश्न विचारला आणि तो अगदी योग्य होता. पुढे मजूर वस्तीतल्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने ते काम स्वीकारले. समितीवरील वकील सदस्यांनी तर थेट सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या 2010 च्या निकालाचा संदर्भ काढला: सर्वोच्च न्यायालयाने त्यात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचण्या करता येणार नाहीत असे ठरवले आहे. माझी चाचणी गुन्ह्याच्या तपासातली नव्हती, पण उद्या एखाद्या अपघातानंतर मालकाने ‘याच्या मेंदूला धोका कळत होता, तरी हा पुढे गेला’ असे म्हणत माझी नोंद मागितली तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यानंतर आम्ही नावे कुठेच न ठेवता फक्त सांकेतिक क्रमांक ठेवायचे, आणि एकाही व्यक्तीची स्वतंत्र नोंद कंपनीला द्यायची नाही असे लेखी वचन आधीच घ्यायचे, असे ठरवले. मोबदल्यावरही चर्चा झाली. तो आमिष वाटेल इतका मोठा नको आणि बुडालेल्या मजुरीपेक्षा कमीही नको, म्हणून दोन तासांसाठी सरसकट 450 रुपये, चहा-नाश्ता आणि मध्येच उठून गेले तरी पूर्ण पैसे, असे मान्य झाले. मंजुरीचे पत्र 24 नोव्हेंबर 2023 रोजी हातात पडले. ज्यांना असा अभ्यास करायचा आहे त्यांनी या टप्प्यासाठी चार-पाच महिने मोकळे धरावेत आणि तेवढ्यात चाचणीत दाखवायच्या छायाचित्रांचे काम उरकून घ्यावे.

समितीने सुचवलेले उलट-भाषांतर (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे) चालू असताना एक मोठी चूक टळली. मराठी माहितीपत्रकाचे हिंदी करताना आमच्याकडून ‘धोका’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी तसाच राहून गेला होता. बिहार, झारखंड आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांसाठी ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. ते पत्रक वाचून दाखवल्यावर चाचणीपूर्व गटातल्या एका फिटरने अतिशय गंभीरपणे विचारले, “किसने धोखा दिया है, मैडम?” आम्ही सगळीकडे ‘खतरा’ केले. स्क्रीनवरचा प्रश्नच चुकीच्या अर्थाने पोहोचला असता तर पुढच्या मिलिसेकंदांना काय किंमत राहिली असती!

छायाचित्रांवर मी जितके दिवस घालवले तितके दुसऱ्या कशावरच घातले नाहीत. फोटोत कॅमेऱ्याकडे पाहणारा चेहरा असला, एखादी लालभडक वस्तू असली किंवा एक फोटो दुसऱ्यापेक्षा उजळ असला, तरी मेंदू वेगळा प्रतिसाद देतो आणि आपण तो धोक्याचा समजून बसतो. म्हणून एकाच जागेचे, एकाच कोनातून घेतलेले दोन फोटो हवे होते: जिन्याला कठडा नसताना आणि असताना, डक्ट उघडे असताना आणि जाळी बसवल्यावर, परांचीवर एकच फळी असताना आणि पूर्ण फळ्या असताना, सळयांची उभी टोके उघडी असताना आणि टोपणे घातल्यावर. बसवलेला कठडा फोटोसाठी काढणे हा गुन्हाच ठरला असता, त्यामुळे काम ज्या क्रमाने पुढे जात होते त्या क्रमानेच थांबावे लागले. कठडा बसण्याआधी एक फोटो, फरशीवर खडूने तिपाईच्या पायांची खूण, आणि तीन आठवड्यांनी त्याच वेळेला, त्याच उजेडात दुसरा. उघडी जागा दिसली की फोटो काढून लगेच सेफ्टी ऑफिसरला कळवायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. अशा 74 जोड्यांपैकी 60 वापरण्याजोग्या निघाल्या, म्हणजे 120 फोटो.

जागेच्या परवानगीसाठी दोन बांधकाम कंपन्यांनी नकार दिला. एकीने होकार देताना ‘कोणते मजूर बेफिकीर आहेत’ त्यांची यादी मागितली, तेव्हा आम्हीच माघार घेतली. चौथ्या ठिकाणी, हिंजवडीच्या बाजूला, एका प्रकल्प व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मजूर वस्तीला लागून असलेली सिमेंट ठेवायची जुनी पत्र्याची खोली रिकामी करून दिली.

12 डिसेंबर 2023 हा पहिला दिवस. थंडीचे दिवस मुद्दाम निवडले होते, कारण घामाने नोंदीची रेघ हळूहळू वरखाली वाहत जाते. पंखा लावला की विजेच्या तारांमधून येणारा 50 हर्ट्झचा गुणगुणाट वाढतो, आणि पंखा बंद ठेवला की पत्र्याच्या खोलीत डिसेंबरातही अकरा वाजता घाम फुटतो. शेवटी आम्ही सकाळी सात ते दहा एवढीच वेळ ठेवली, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद करून दारातून येणाऱ्या उजेडावर काम केले. पहिल्या दिवशी आलेल्या तिघांपैकी एकाचीही नोंद उपयोगी पडली नाही. पहिल्याच्या केसांना रात्रीच चोपडलेले खोबरेल तेल होते आणि इलेक्ट्रोडचा रोध, म्हणजे त्वचेशी संपर्कातला अडथळा, काही केल्या 10 किलोओहमच्या खाली येईना. दुसऱ्याच्या गालात तंबाखूची गोळी होती आणि जबड्याच्या स्नायूंनी कानाजवळच्या सगळ्या रेघा झाकून टाकल्या. तिसऱ्याच्या वेळी शेजारी वेल्डिंग सुरू झाले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दारातच गरम पाण्याची बादली, लहान मुलांचा शाम्पू, स्वच्छ पंचे आणि चूळ भरण्यासाठी तांब्या ठेवला. पंचे प्रत्येकासाठी वेगळे हवेत; या एका गोष्टीने लोकांना आपला मान राखला गेल्यासारखे वाटते, आणि डोके दुसऱ्याच्या हाती द्यायचे असते तेव्हा ते फार मोलाचे असते.

सगळ्यात मोठी भीती ‘शॉक’ची होती. यंत्र काहीही आत सोडत नाही, फक्त ऐकते, आणि जे ऐकते ते भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलच्या विजेहून हजारो पटींनी क्षीण असते, असे मी सांगत असे. पण सांगण्यापेक्षा दाखवणे उपयोगी पडले. नांदेड जिल्ह्यातले एक वयस्कर गवंडी, सगळे त्यांना मामा म्हणत, टोपी घालून बसले होते. बोथट सुईच्या सिरिंजने मी त्यांचे केस बाजूला सारत एकेका छिद्रात थंड जेल सोडत होते आणि ते दर वेळी खांदे आक्रसत होते. स्क्रीनवरच्या सगळ्या खुणा हिरव्या झाल्यावर, म्हणजे संपर्क नीट जुळल्यावर, मी म्हटले, “मामा, आता डोळे मिटा.” दोन-तीन सेकंदांत डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांवर सेकंदाला दहाच्या आसपास अशा एकसारख्या लाटा उमटू लागल्या. डोळे उघडताच त्या विरल्या. दारात उभे असलेले चौघे ओरडले, “पुन्हा मिटा, पुन्हा मिटा!” मामांना स्वतःच्या लाटा दिसणे शक्यच नव्हते, म्हणून मी नोंद मागे नेऊन त्यांना दाखवली. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हे माझं हाय?” त्या दिवसानंतर मला कुणालाही बोलवायला जावे लागले नाही.

प्रत्यक्ष चाचणी साधी होती. स्क्रीनवर एक फोटो दोन सेकंद दिसे, मग प्रश्नचिन्ह येई, आणि त्यानंतरच ‘धोका आहे’ किंवा ‘ठीक आहे’ यांपैकी एक बटण दाबायचे. आधी दाबले तर हाताच्या हालचालीचा संकेत मधे मिसळतो. कीबोर्डची कुणाला सवय नव्हती, म्हणून पॅनेलवर लावायची दोन मोठी बटणे एका लाकडी पाटीवर बसवून घेतली, 380 रुपयांत. बायकांच्या बाबतीत मी आधी नीट विचार केला नव्हता. घट्ट अंबाडा असला की टोपी मागून उचलली जाते, आणि परक्या पुरुषासमोर केस सोडायला त्या तयार नव्हत्या, यात त्यांचे काय चुकले? शुक्रवारची सकाळ फक्त बायकांसाठी ठेवली, माझ्या सहकाऱ्याला बाहेर बसवले आणि केस दोन सैल वेण्यांत बांधून घेतले. तोपर्यंत एकही बाई आली नव्हती. त्यानंतर नऊ जणी आल्या.

मार्चमध्ये गाडी अडली. 25 मार्च 2024 च्या होळीसाठी उत्तरेकडचे मजूर गावी गेले, आणि लोकसभेच्या निवडणुका लागल्यामुळे बरेच जण मतदान करूनच परत यायचे ठरवून थांबले. एप्रिल-मे पूर्ण कोरडे गेले, आणि यंत्राच्या कराराची मुदत वाढवण्यासाठी मला पुन्हा पत्रांची तीच फेरी करावी लागली. वेळापत्रक आखताना दिवाळी, छठ, होळी, पेरणी आणि निवडणूक ही सगळी मजुरांच्या पंचांगातून पाहावीत. या काळात आम्ही एकदा माझ्याच डोक्यावर टोपी आणि वर हेल्मेट घालून तळमजल्यावर चालत नोंद घेऊन पाहिली. हेल्मेटच्या पट्ट्याने इलेक्ट्रोड दाबले गेले, मानेच्या स्नायूंचा गोंधळ झाला आणि हाती काही लागले नाही. काम करणाऱ्या मजुराला उंचीवर असे काही लावायला समितीने आधीच मनाई केली होती, आणि ती किती रास्त होती हे मला त्या दिवशी पटले.

नोव्हेंबर 2024 पर्यंत 47 जणांनी संमती दिली, 43 जणांची चाचणी पूर्ण झाली आणि 36 नोंदी विश्लेषणात टिकल्या. डोळ्याची एक उघडझाप मेंदूच्या प्रतिसादाच्या अनेक पटींनी मोठा संकेत उमटवते, त्यामुळे आधी ती वेगळी काढावी लागते. मग प्रत्येक फोटोच्या आधीचे 200 आणि नंतरचे 800 मिलिसेकंद कापून त्यांची सरासरी घ्यायची. अर्थपूर्ण किंवा अनपेक्षित गोष्ट दिसल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनंतर डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात जी धन लाट उठते, तिला पी-300 म्हणतात आणि तिची ओळख 1965 पासून आहे. मी मुख्यतः तीच पाहत होते. प्रबंध अजून परीक्षकांकडे असल्याने आकडे इथे देत नाही. एवढे मात्र आवर्जून सांगते की ही लाट ‘धोका ओळखला’ असा शिक्का नव्हे. मेंदूने त्या गोष्टीची दखल घेतली, इतकेच ती सांगते. एका माणसाच्या नोंदीवरून त्याच्याविषयी निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि कुणी तसे यंत्र विकायला आले तर कंपन्यांनी सावध राहावे.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टोपी उतरवल्यानंतरच्या दहा मिनिटांत कळली. डोके धुऊन झाल्यावर आम्ही काही फोटो पुन्हा दाखवून नुसत्या गप्पा मारायचो. घमेले वाहणाऱ्या एका ताईंनी बिनकठड्याच्या जिन्याच्या सहाही फोटोंना ‘ठीक आहे’ हे बटण दाबले होते. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो मॅडम, पडू शकतं माणूस, ते काय मला कळत नाही? मी भिंतीच्या कडेनंच चढते की. पण धोका म्हटलं तर काम बंद करावं लागंल, आन् मग मला उद्या कोण बोलावणार?” त्यांच्यापुरते ते बटण ‘धोका आहे का’ असे विचारतच नव्हते, ‘तुम्ही इथे काम कराल का’ असे विचारत होते. त्यानंतर मी मागच्या सगळ्या गप्पांच्या नोंदी काढून वाचल्या, तर असे उत्तर देणारे अनेक जण निघाले. मार्गदर्शकांशी बोलून आणि समितीकडून दुरुस्तीची मंजुरी घेऊन, त्यात सहा आठवडे गेले, उरलेल्या गटासाठी दोन स्वतंत्र प्रश्न केले: ‘इथे इजा होऊ शकते का?’ आणि ‘तुम्हाला सांगितले तर इथे काम कराल का?’ दोन्ही गट वेगळे मांडावे लागल्यामुळे प्रबंधाचे एक प्रकरण वाढले. हा प्रश्न आधीच सुचला असता तर बरे झाले असते, पण तो मला त्या ताईंनीच दिला, यंत्राने नाही. ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असे लिहिणाऱ्यांनी त्या ताईंना एकदा भेटावे असे मला मनापासून वाटते.

जून 2025 मध्ये प्रबंध सादर केला, यंत्र धुऊन-पुसून परत केले आणि अनामत रक्कम परत मिळाली. एका इलेक्ट्रोडची तार तुटल्याबद्दल 1,800 रुपये कापले गेले. मोबदला, जेल, शाम्पू, छपाई आणि प्रवास धरून माझ्या शिष्यवृत्तीतून सुमारे 46,000 रुपये गेले. जुलैतल्या एका रविवारी संध्याकाळी मी आणि त्या शिक्षिका वस्तीवर गेलो आणि एकत्रित निष्कर्ष मराठीत व हिंदीत सांगितले. बरेच चेहरे बदलले होते, काम संपत आल्याने काही जण बाणेरला, काही वाघोलीला गेले होते. मामा होते. त्यांनी फोटोंच्या जोड्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या, डक्टची जोडी बाजूला काढली आणि त्यांची मोठी प्रत मागितली. पुढच्या साइटवर आत शिरताना, पाणी प्यायच्या पिंपाशेजारी ती लावायची होती. दोन्ही फोटो 90 रुपयांत लॅमिनेट करून मी मंगळवारी नेऊन दिले.